लार्क घरातली गोट्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. अक्रोडाच्या लाकडाची, पुढून मूठ आत जाईल एवढे भोक असलेली. माझ्या पोटात गोट्या पडतात. पांढरी म्हणजे 'ये', काळी म्हणजे 'नको'; एक जरी काळी निघाली तरी दार बंद.

ओहायोतल्या आमच्या कॉलेजच्या गावात मुलींची भगिनीमंडळे आहेत. एका घरात राहायचे, एका टेबलावर जेवायचे आणि एकमेकींना जन्मभर बहीण म्हणायचे. लार्क हे त्यातले सगळ्यात लहान मंडळ. पहिल्या मुलींपैकी एकीचे वडील सुतार होते, त्यांनी मला घडवले. "कुणाच्या तरी लेकीला दारातून परत पाठवणार ही," ते म्हणाले होते, "निदान हिच्या कडा तरी बोचू नयेत." म्हणून माझ्या सगळ्या कडा गोल आहेत.

पुष्कळ वर्षे मी काम केले. मग फोन आले, मते फोनवर पडू लागली आणि मी माळ्यावर गेले. माझ्यात बटणे ठेवली, पुढे उंदरानेही संसार थाटला. घर सांभाळणाऱ्या मिस डेलबाईंनी मला खाली आणले, जवसाच्या तेलाने घासले आणि टेबलावर आणून आदळले. "फोनवर नाही म्हणताना या पोरींचा अंगठासुद्धा दुखत नाही. घालू देत हात आत!" त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यानंतरच कोरिन आमच्याकडे आली.

कोरिन आधी टेकडीवरच्या पांढऱ्या खांबांच्या मोठ्या मंडळात होती. दर शरद ऋतूत नव्या मुली घरोघर फिरतात आणि शेवटी आपल्या पसंतीची नावे चिठ्ठीवर लिहितात. फिरणे संपल्यापासून निकालापर्यंत जुन्या मुलींनी नव्यांशी एक शब्द बोलायचा नाही, आणि 'तुला घेऊ' असे वचन तर मुळीच द्यायचे नाही. चिठ्ठी लिहायच्या आधीच्या घटकेला जोलीन नावाची मुलगी वाचनालयाच्या पायऱ्यांवर रडत होती. कोरिनला राहवले नाही. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "रडू नकोस गं. तुला आमच्याकडेच घेणार आहेत."

जोलीनने विश्वास ठेवला आणि एकच नाव लिहिले. टेकडीवाल्यांनी तिला घेतले नाही. दुसरे नाव चिठ्ठीत नव्हतेच, त्यामुळे तिला कुणालाच घेता आले नाही. हिवाळा तिने एकटीने काढला आणि वसंतात ती लार्कमध्ये आली. इकडे कोरिन तिच्याशी बोलल्याचे फुटले आणि कोरिनचे सभासदत्व रद्द झाले. छातीवरची मंडळाची पिन परत मागून घेतली. मोठ्या मंडळांचा आपसात करार आहे: एकीकडची झालेली मुलगी दुसरीकडे कधीच घ्यायची नाही. लार्क त्या करारात नाही. कोरिनला हे एकच दार उरले होते.

मतदानाच्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मिस डेलबाईंना बटाटे सोलू लागत होती. इकडे माझ्यात एकेक हात येत होता. पेटी उघडली तेव्हा पांढऱ्यांत एक काळी होती.

आमच्या घरची रीत अशी, की काळी टाकणारीने उभे राहायचे आणि त्या मुलीला समोर बोलावून कारण सांगायचे. मग पुन्हा मत.

"माझी आहे," जोलीन उठली. "बोलवा तिला."

कोरिन ॲप्रनला हात पुसत आली.

"तुझ्या एका वाक्यावर मी एकच नाव लिहिलं," जोलीन म्हणाली. "निकालाच्या दिवशी सगळ्या पोरी नाचत टेकडीवर पळत होत्या आणि मी आईला फोनवर काय सांगू म्हणून बसले होते. गप्प बसायचा नियम काय उगाच केलाय?"

"उगाच नाही. तेव्हा मला कळलं नाही. तुला घेणार असं मला खरंच वाटलं होतं. माझं चुकलं, जोलीन."

"गोड बोलायची सवय काही गेली नाही तुझी!" जोलीन म्हणाली, तशी कुणीतरी हसली. "एक सांग. बाकीच्या बोलल्या तर ताकीद देऊन सोडतात. तुलाच का काढलं?"

कोरिन ॲप्रनची गाठ सोडू लागली.

"बोल की गं बाई," दारातून मिस डेल म्हणाल्या, "तिकडे बटाटे करपतायत."

"टेकडीवाल्यांना लिहून हवं होतं," कोरिन हळूच म्हणाली, "की तूच मागे लागून माझ्याकडून ते वदवून घेतलंस. म्हणजे मंडळाला डाग नको. पण तू तर काहीच विचारलं नव्हतंस. मी नाही लिहिलं."

"आणि हे तू आत्ता सांगतेस? वर्षभर तुला शिव्या घालतेय मी!"

"त्या माझ्याच वाट्याच्या होत्या. माझ्यामुळेच तुझं दार बंद झालं ना."

"मूर्ख आहेस झालं," जोलीनने नाक पुसले. "चला गं, परत घ्या गोट्या."

या खेपेला तिचा हात सगळ्यांत शेवटी आला. तो माझ्या आत बराच वेळ थांबला. मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी काहीतरी बोलले असते. मग गोटी पडली.

सगळ्या पांढऱ्या होत्या.

"आता तरी जेवा," मिस डेल म्हणाल्या, "कोळसा झालाय बटाट्यांचा!" जोलीनने लार्कची पिन कोरिनच्या छातीवर लावली. "हलू नकोस, टोचेल," ती म्हणाली.

मित्रांनो, मी या घराची ऋणी आहे. मला माळ्यावरून काढले म्हणून, आणि 'नको'नंतरही बोलायची रीत त्यांनी टिकवली म्हणून. मला वर्षातून एकदा तेलाचा हात पुरतो. माणसांना मात्र रोज जपावे लागते. तुमच्यावरही कुणाला नको म्हणायची वेळ येईल. तेव्हा जरूर म्हणा, पण तोंडावर म्हणा, आणि समोरच्याचे उत्तर येईपर्यंत उठून जाऊ नका.