चावडीवर वाचलेलं पत्र

हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाव बदला, गाव राहू द्या." म्हणून इथे त्याचं नाव ज्योतीराम. १९५६ सालच्या मार्गशीर्षापर्यंत चिखलीत सगळे त्याला रुक्मी म्हणत. मीही म्हणत होतो. कोंडाजीनानांची एकुलती लेक, वय एकवीस, लग्न झालेलं नाही.

मी तेव्हा नुकताच पदवीधर होऊन पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात लागलो होतो. इंजेक्शनच्या प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या आमच्याकडे येत. त्यातलं औषध मांसरसात घालून उबदार कपाटात ठेवायचं आणि सात दिवस थांबायचं. रस गढूळ झाला, म्हणजे जंतू निघाले, तर घाणा फेकायचा, नितळ राहिला तर पुढे पाठवायचा. गावात मला 'बीएस्सी' हेच नाव पडलं होतं. तार आली किंवा कोर्टाचा कागद आला, की बोलवा बीएस्सीला.

एका रविवारी सकाळी नानांनी मला बोलावलं. ज्योतीरामच्या जांघेत वर्षभर कळ येत होती, म्हणून त्याची आई आक्काबाई त्याला पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तीन दिवस ठेवून घेतलं, तपासलं, आणि ते तासभर त्याच्या एकट्याशी बोलले. आता त्यांचं इंग्रजी पत्र आलं होतं.

"आपल्यात सांग," नाना म्हणाले.

मी सांगितलं. जन्माआधीच शरीराची घडण अर्धी राहिली आहे. आतल्या ग्रंथी पुरुषाच्या आहेत, त्या जागेवर उतरल्या नाहीत, म्हणून कळ येते. शस्त्रक्रिया तीन, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. पेशंटला स्वतःला पुरुष म्हणून जगायचं आहे आणि डॉक्टरांच्या मते ते योग्य आहे. बुधवारी खाट राखून ठेवली आहे. ती हुकली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येत नाही. सोबत सही करायला एक नातेवाईक हवा.

नानांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग दाराशी सूप घेऊन उभ्या असलेल्या ज्योतीरामला त्यांनी विचारलं, "तुला काय पायजे?"

"मला बुधवारी जायाचंय. मला लहानपणापास्नं ठावं हाय, नाना. डाक्टरानं फकस्त पयल्यांदा इचारलं."

"सही करतो मी. पन गावाला न सांगता केलं तर तोंड कुठं दाखवू?"

इथे मी बोललो. मला अजून ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. "नाना, मी चावडीवर वाचून दाखवतो. लोकांना कळत नाही म्हणून ते बोलतात. एकदा कळलं, की बोलायला कारणच राहत नाही."

"नको," ज्योतीराम म्हणाला.

"अगं, घाबरू नकोस," मी म्हणालो.

त्याच दुपारी चावडीवर पन्नासेक माणसं जमली. मी एकेक वाक्य वाचलं आणि समजावलं. खडूने फरशीवर आकृती काढली. गर्भात सुरुवातीला सगळ्यांची घडण एकच असते, मग वाटा फुटतात, आणि एखादी वाट मध्येच थांबते. मला वाटतं, मी चांगलं समजावलं. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या.

"बीएस्सी," बबनराव पैलवान म्हणाला, "आमची म्हस दोन सालं भाकड हाय. तुझ्या डाक्टराला इचार, रेडा हुईल का तिचा?"

चावडी हसली. किराणा दुकानाचे दौलतराव हसले नाहीत. "चेष्टा नगं. देवानं जे धाडलं त्यात सुरी घालायची न्हाई."

"काका, मागल्या साली तुम्ही अंतर्गळ कापून घेतलात, तो कुणी धाडला होता?" मी विचारलं.

"त्यो रोग व्हता."

"आणि हा?"

"ह्ये नशीब हाय."

बबनरावचं हसू मधेच थांबलं. "आरं पर थांबा. म्हंजी इतकी वर्सं आमच्या बाया घाटावर ह्येच्यासंगं न्हात्यात, धुत्यात?"

एकदम गलका झाला. इतर सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी मनात तयार ठेवली होती. या एका प्रश्नाचं नव्हतं.

यशवंतराव पाटलांनी सगळा गलका होऊ दिला, मग म्हणाले, "पंचायतीच्या ठरावावानी करू. हात वर करा."

विरुद्ध त्रेचाळीस, बाजूने सहा. काहीजण आपल्या पायांकडे बघत राहिले.

"पाटील," मी म्हणालो, "कुणाला ताप आहे की नाही, हे तुम्ही हात वर करून ठरवाल?"

"ताप हाय का न्हाई ते डाक्टरानं ठरवावं," पाटील शांतपणे म्हणाले. "पन तापकऱ्याला गावात ठिवायचं का रानात, ते गाव ठरीवतं. पटकीच्या साली ठरीवलंच की. लोकं जगली त्यानं." मग नानांकडे वळून, "कोंडाजी, तुला कोन आडवत न्हाई. कर सही. मग गावकीत येऊ नगंस."

"गावाच्या भाईर मी न्हाई. सही न्हाई करत," नाना म्हणाले.

पाटलांचं बोलणं मूर्खपणाचं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी ज्योतीराम नेहमीप्रमाणे इंद्रायणीवर पाण्याला गेला. बायकांनी आपापल्या घागरी उचलून बाजूला घेतल्या. बबनरावची बायको यशोदाबाई, जिच्या बाळंतपणात त्याने महिनाभर तिच्या घरचं पाणी भरलं होतं, म्हणाली, "तू आपला वरल्या अंगाला जा बया." वरच्या अंगाला पुरुषांचा घाट. तिथून त्याला पोरांनी खडे मारून हाकललं. तो रिकामी घागर घेऊन घरी आला. रविवारी दुपारपर्यंत त्याला निदान पाणी तरी भरता येत होतं.

मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर मी सायकलने पुण्याला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते पन्नाशीचे, डोळ्यांखाली सूज असलेले गृहस्थ होते. माझं बोलणं संपेपर्यंत ते हात पुसत राहिले.

"पत्र वडिलांना होतं," ते म्हणाले. "वाचायला त्यानं सांगितलं होतं का?"

"नाही. तो नको म्हणाला होता."

डॉक्टरांनी टॉवेलाची घडी घातली. "वीस वर्षांत असे पाचजण माझ्याकडे आले. दोघं ठरलेल्या दिवशी आलेच नाहीत. का, ते मला कधी कळलं नाही. चला, आज थोडं कळलं." त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. "मला गावाची परवानगी नकोय. तो सज्ञान आहे. इस्पितळाच्या नियमाला एक नातेवाईक लागतो, कुणीही. उद्या दहा वाजेपर्यंत."

बुधवारी रजा टाकून मी सकाळी नानांच्या घरी गेलो. ज्योतीराम आणि आक्काबाई तिथे नव्हते. नाना गोठ्यात दाराकडे पाठ करून बसले होते. मी सायकल चिंचवड स्टेशनकडे पिटाळली. दोघं फलाटावर गाठोडं घेऊन बसली होती. ज्योतीराम लुगड्यातच होता, दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे.

"काकू, गाव काय म्हणेल?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"हात वर करायला आमाला कोनी बोलीवलं व्हतं का?" आक्काबाई म्हणाल्या. "आमची गनतीच न्हाई. मग आमी कुनाचं काय मोडलं?"

"आणि नाना?"

"निघताना गोठ्यात जाऊन बसलं. बघितलं न्हाई, म्हंजी आडवलंबी न्हाई."

इस्पितळात कारकुनाने नाव विचारलं. "ज्योतीराम कोंडाजी," तो म्हणाला. कारकुनाने लुगड्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. मी पत्र काढून पुढे झालो. "मी समजावून सांगतो..."

"बीएस्सी," ज्योतीराम म्हणाला, "तुमी बसा."

मी बाकावर बसलो. कारकुनाने नाव लिहून घेतलं. आक्काबाईंनी शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला आणि मग तो पदराला पुसत राहिल्या, शाई जाईपर्यंत.

याला आता दोन वर्षं झाली. ज्योतीराम खडकीला एका सुताराकडे कामाला आहे. चिखलीला तो आलेला नाही. आक्काबाई जातात त्याच्याकडे. नानांना गावकीने टाकलं नाही. पोरगं गावात नसल्याने विषयच निघत नाही. फरशीवरची माझी आकृती कुणी पुसली नव्हती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती अंधुक दिसत असे, आणि मी चावडीवरून जाणं टाळत असे.

परवा दुकानात दौलतरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "बीएस्सी, त्या कोंडाजीच्या रुक्मीचं पुढं काय झालं रे? डाक्टरानं काय काय केलं?"

मला तिन्ही शस्त्रक्रियांच्या तारखा पाठ होत्या.

"मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि मिठाची पुडी उचलली.