उकंडरावांचा हात आणि मोटेचा बैल

उकंडरावांचा उजवा हात खांद्यात असा धरला होता की वर म्हणून जाईना. जेवायला, तंबाखू मळायला, शिव्या देताना हातवारे करायला तो कामाचा होता; पण खांद्याच्या वर न्यायचा म्हटलं की जीव कासावीस व्हायचा. एरवी त्यांनी पर्वा केली नसती. पण पोळा जवळ आला होता, आणि इंझोरी गावात वेशीच्या दगडावर चढून उजव्या हातानं तोरण तोडायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांना जमलं नाही तर मान चुलतभाऊ जगदेवकडे जाणार. जगदेवचा त्या मानावर डोळा आहे, याची उकंडरावांना पक्की खात्री होती. खात्री व्हायला या माणसाला पुरावा कधी लागलाच नाही.

"मी मेलो तं चालन, पन जगद्यानं तोरन तोडलेलं मले पाह्याचं नाही," ते बायकोला, तुळसाबाईला म्हणाले.

"मेल्यावर कसं दिसन?" तुळसाबाई म्हणाली.

लेप झाले, शेक झाले, बिब्बा झाला. मग पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा हेमसिंग आला. मोठ्या लढाईत तो लष्करी इस्पितळात खाटा उचलायला होता. तिथं म्हणे हातपाय आखडलेल्या शिपायांना खाटेवर निजवूनच कसरत करवत. खाटेला स्प्रिंगा टांगायच्या, त्यांत हात नाहीतर पाय अडकवायचा आणि श्वासाच्या तालावर हळूहळू ताणायचा, सोडायचा.

"निजून कसरत?" उकंडरावांना ही विद्या ऐकताक्षणी पटली.

स्प्रिंग मात्र अख्ख्या गावात नव्हती. हेमसिंगनं डोकं खाजवलं. "ताकद पाह्यजे, पन नरम पाह्यजे. पुढं वढन आन् आपसूक मांगं यीन, असं काई हाय काय तुमच्याइथं?"

असं विचारल्यावर इंझोरीच्या माणसाला दुसरं काय सुचणार? मोटेचा बैल. तो जन्मभर तेच करतो: उतारावर पुढं जाऊन मोट वर ओढतो आणि तोंड न फिरवता मागं पावलं टाकत ती विहिरीत सोडतो. पावसाळ्यात मोट बंद, त्यामुळे चांद्या बैल रिकामाच होता.

मोटेचं चाक लिंबाच्या फांदीला टांगलं. खाली खाट, खाटेवर उकंडराव. दोराचं एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं चांद्याला. हेमसिंग ओरडे, "श्वास सोड!" चांद्या एक पाऊल पुढं, हात वर. "श्वास घे!" चांद्या मागं, हात खाली. पहिल्या दिवशी उकंडरावांनी चांद्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण हळूहळू खांदा मोकळा झाला. दोराच्या जागी दोरी आली, दोरीच्या जागी सुतळी. एके दिवशी सुतळी तुटली, तरी हात वर गेला.

गाव पाहायला धावलं. तेव्हा कळलं, हात वर जातो खरा, पण चांद्यानं पुढं पाऊल टाकलं तरच; आणि खाली येतो तोही चांद्या मागं सरला तरच. चांद्या रवंथ करत उभा राहिला की हातही होता तिथंच राही. तो आता धन्याचा उरलाच नव्हता, बैलाच्या हुकमात गेला होता.

झाली पंचाईत! पोळ्याला बैलाला कामाला लावणं म्हणजे पाप. मारुतीच्या पारावर खल झाला. तोरणाखालून चांद्या आपल्या मनानं पुढं गेला तर ते काम नव्हे, असं ठरलं. पण त्याला मागं रेटायचं नाही. ते मोटेचं काम. उकंडरावांनी खुशीनं मान डोलावली. चढणारा माणूस उतरायचा विचार कधी करतो?

पोळ्याच्या दिवशी चांद्या आणि त्याचा जोडीदार बुध्या झुली घालून वेशीत उभे राहिले. उकंडराव दगडावर चढले. खाली जगदेव घाम पुसत होता. हावऱ्याचा जीव कसा वरखाली होतोय पाहा, असं त्यांच्या मनात आलं. वाजंत्री सुरू झाली, चांद्यानं पाऊल टाकलं, हात सरळ आंब्याच्या पानांत गेला आणि तोरण तुटलं. उकंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा आनंद आपल्याला लग्नातही झाला नव्हता, असं ते म्हणाले, आणि तुळसाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

बैल घरोघर पूजेला निघाले. हात वरच राहिला.

दाबून पाहिला, ओढून पाहिला, येईना. चांद्याला मागं सरकवायची कोणाची छाती? शेवटी उकंडराव हात वर करून चांद्यामागं दारोदार हिंडू लागले. बाया बैलाला कुंकू लावत आणि लगे हात त्यांनाही लावत. म्हाताऱ्या आशीर्वाद समजून वाकत. प्रयागबाईनं तर पुरणपोळीचा घास चांद्याच्या आधी त्यांनाच भरवला.

असं करत जगदेवचं दार आलं. आता हा दात काढणार, या विचारानं उकंडराव अर्धे झाले. पण जगदेव हसला नाही. भिंत धरून, एक पाय ओढत तो उंबऱ्याखाली उतरला.

"दादा, तुमी तोरन तोडलं आन् माया जीव वाचला."

"काहून?"

"दोन वर्सं झाले, गुडघा वाकत नाही. त्या दगडावर चढनंच झालं नसतं मले. लाजेपायी कोनाले सांगतलं नाही. तुमचा हात चालाव म्हून मारोतीले नवस बोललो होतो."

सगळा श्रावण ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो त्यांच्याच हातासाठी देवाला साकडं घालत होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तेवढ्यात जगदेवच्या बायकोनं ओवाळायला निरांजन पुढं केलं. ज्योतीला बुजून चांद्या आपणहून एक पाऊल मागं सरला, आणि उकंडरावांचा हात अलगद खाली आला तो जगदेवच्या खांद्यावर. त्यांनी तो तिथंच राहू दिला.

जगदेवनं डोळे पुसले. मग इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, "दादा, पोया झाल्यावर बुध्या रिकामाच रायते ना?"