छतावरच्या दोन पाली

खोटे हसू विनोद संपण्याच्या जरा आधी सुरू होते. खरे हसू उशिरा येते. विनोद कानातून आत जातो, कुठेतरी अडखळतो, मग नाकातून श्वासाचा एक फटकारा बाहेर पडतो आणि त्याच्या मागून आवाज. खोट्या हसण्यात गाल वर चढतात, पण डोळ्यांच्या कडेची कातडी जागची हलत नाही. वेनिंग शाळेत जीवशास्त्र शिकवायची, त्यामुळे कोणता स्नायू माणसाच्या ताब्यात असतो आणि कोणता नसतो हे तिला ठाऊक होते. गेली चार वर्षे ती वेगवेगळ्या कचेऱ्यांत टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर बसून मोठमोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या कडा पाहत आली होती. एकही हललेली तिला आठवत नव्हती.

आज ती खुर्ची जकार्तात होती, पाक हांदोकोंच्या, म्हणजे हांदोकोसाहेबांच्या, कचेरीत. मुलांसाठी कार्टूनच्या मालिका काढून देशोदेशी विकणे हा पाक हांदोकोंचा धंदा. त्यांच्यासमोर उभा राहून सिगित हातवारे करत होता. पटकथा विकायला येणाऱ्याने सगळी पात्रे स्वतःच वठवून दाखवायची, ही या धंद्यातली रीत. वेनिंगचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नसे, म्हणून कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. लिहायचे तिने आणि करून दाखवायचे सिगितने. तो तिच्याहून बराच लहान, तिला म्बाक म्हणायचा, म्हणजे ताईच. त्याच्या गळ्यात दहा माणसे राहत होती. त्यातली निदान आठ तरी आगाऊ होती.

पटकथा होती दोन पालींची. त्यांच्या गावच्या, जोगजातल्या, एका बाक्सोच्या टपरीत, नळीदिव्याच्या दोन टोकांना दोन पाली, एक म्हातारी आणि एक तिची पुतणी. खाली माणसे रश्श्यातले मांसाचे गोळे खातात, एकमेकांना थापा मारतात, लग्ने जुळवतात, मोडतात. वर पाली बोलतात. बाकी काही घडत नाही. गिऱ्हाईक म्हणते, आज रश्श्याला काय चव आहे. पुतणी विचारते, आज काय वेगळे घातले? म्हातारी माशीवरची नजर न काढता म्हणते, काल संध्याकाळपासून तुझे काका दिसत नाहीत.

सावल्यांच्या खेळात राजे युद्धाच्या वाटाघाटी करत असतात तोवर जोगजाची माणसे खुशाल पेंगतात. विदूषक पडद्यावर आले की शेजारी शेजाऱ्याला कोपर मारून उठवतो. विदूषक काही करत नाहीत, नुसते बोलतात. वेनिंगला राजे नकोच होते. तिने विदूषक तेवढे घेतले आणि छतावर चढवले.

ही पटकथा कुणी नाकारली असे मात्र म्हणता येत नव्हते. नकाराचा शब्द जावानी माणसाच्या शब्दकोशात असतो, जिभेवर येत नाही. जोगजातल्या पहिल्या स्टुडिओच्या मालकाचे डोळे पाणावले होते. इतक्या चांगल्या पटकथेला आपला स्टुडिओ लहान पडेल, तिच्यावर अन्याय होईल, असे तो म्हणाला आणि दारापर्यंत पोचवायला आला. एका वाहिनीच्या अधिकाऱ्याने तिच्या आणि सिगितच्या खांद्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतला, 'नव्या प्रतिभेबरोबर' अशा ओळीखाली तो सगळीकडे दाखवला आणि पुढे फोन उचलला नाही. बांडुंगच्या कार्टूनवाल्यांच्या मेळाव्यात परीक्षकांनी त्यांना 'आशादायक' असे प्रमाणपत्र दिले. त्याच परीक्षकांनी पुढच्या वर्षी, त्याच पटकथेला, पुन्हा तेच दिले. आशा टिकून होती, एवढेच त्यातून सिद्ध होत होते.

वेनिंगने हळूहळू यातला नियम शोधून काढला. प्रत्येक बैठकीत पाहुण्याला पुठ्ठ्याच्या डब्यात खाऊ मिळतो, आणि नकार जितका पक्का तितका डबा जड. नुसता तळलेला टोफू आणि हिरवी मिरची असेल तर अजून विचार चालू आहे. केळीच्या पानातला चिकट भाताचा लेंपर आणि वर केक असेल तर आशा सोडावी. एका कचेरीत अख्खी कोंबडीची तंगडी, सांबालची तिखट चटणी, भात आणि कंपनीचे नाव छापलेला कॉफीचा मग मिळाला. त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकू नये हे तिला मगाच्या वजनावरूनच समजले. सिगित मात्र प्रत्येक डबा मनापासून खायचा आणि म्हणायचा, बघ म्बाक, किती आदराने वागवतात.

पाक हांदोकोंच्या कचेरीत टेबलावर फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या. आत येताक्षणी वेनिंगने ते पाहिले आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इथे हे लोक खरोखर विकत घेणार होते.

दर बैठकीनंतर एखादा सल्ला मिळायचा, कारण नकार देत नाहीत म्हटल्यावर काहीतरी द्यावे लागते. एकाने सांगितले, पालीला टोपी घाला, पाल उघडी दिसते. दुसऱ्याने सांगितले, टपरीऐवजी शाळा करा, पालकांना शाळा आवडते. तिसरा म्हणाला, पाल हा प्राणी आयांना किळसवाणा वाटतो. तेच शरीर जरा फुगवले तर डायनासोर होतो, आणि डायनासोरची उशी निघते, दप्तर निघते, पाण्याची बाटली निघते. वेनिंगला हे सगळे नंतर आठवले की हसू येई. या माणसांना कार्टून नकोच होते. दप्तर हवे होते, आणि ते रिकामे दिसू नये म्हणून आत कोंबायला थोडी गोष्ट.

परतीच्या गाडीत सिगित विचारायचा, करू या का हा बदल? ती हसून म्हणायची, छान आहे की. मग घरून करून आणलेला डबा उघडून त्याच्यासमोर धरायची. लिहिणे तिचे असूनही तो आठवडाभरात स्वतःच बदल करून आणायचा. ती वाचायची, पुन्हा छान म्हणायची, आणि मनात म्हणायची की हे विकण्यापुरते आहे. एकदा विकले गेले की आपण खऱ्या पाली पुढे ठेवू. असे तिच्या माहितीत कुणीही केलेले नव्हते, पण तिने चार वर्षे हाच हिशेब खरा मानला होता.

सिगित आता शाळेच्या छतावरच्या दोन टोपीवाल्या डायनासोरांचे भांडण करून दाखवत होता. पाक हांदोको विनोद संपण्याआधी हसत होते. मग त्यांनी हात वर केला आणि अतिशय प्रेमाने सांगितले की मालिका त्यांना हवी आहे. सव्वीस भाग. एकच छोटी सूचना होती. पात्रांनी बोलू नये.

सिगितने विचारले, अजिबात?

पाक हांदोकोंनी समजावून सांगितले. मालिका इथे दाखवायची, तशीच तुर्कस्तानात, ब्राझीलमध्ये, कोरियात. शब्द आले की भाषांतर आले, भाषांतर आले की विनोद मेला. शब्दांवर त्यांचा राग नव्हता; त्यांची आई सोलो गावची, तिच्यासारखी बोलणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. पण धंदा वेगळा. पडणे, आपटणे, शेपूट दारात अडकणे, हे कुणालाही कळते.

"बू वेनिंग," ते तिच्याकडे वळून, 'बाई' म्हणावे तशा अदबीने म्हणाले, "ढेकर सगळ्या जगात सारखाच असतो."

 हे ऐकून सिगितने पोट पुढे काढले, डोळे मिटले आणि एक ढेकर दिला. लांब, चढत गेलेला, शेवटी स्वतःलाच दचकलेला. दुसऱ्या डायनासोरने त्याला छोटे, लाजरे उत्तर दिले.

पाक हांदोको दोन्ही ढेकर संपेपर्यंत नुसते बघत होते. मग त्यांच्या नाकातून फटकारा बाहेर पडला, खांदे हलले, आवाज मागून आला. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. त्यांची मदतनीस तास्या मांडीवरचा टॅब सांभाळत तोंड झाकून हसत होती. ते थांबले आणि पुन्हा हसले.

चार वर्षांत पहिल्यांदा खरे हसू आले होते, आणि त्यात वेनिंगचा एक शब्दही नव्हता. हे लोक ढोंगी आहेत म्हणून हसत नाहीत, असे तिने आजवर धरले होते. ते ढोंगी होतेच. पण त्यांना हसता येत नव्हते असे नाही.

पाक हांदोको फोन घ्यायला आतल्या खोलीत गेले आणि तास्या करार छापून आणायला. सिगित तिला ओढतच बाहेरच्या बोळात घेऊन आला. तिथे कंपनीच्या जुन्या मालिकांची पोस्टरे होती. नारिंगी प्राणी, हिरवा प्राणी, निळा प्राणी, सगळ्यांचे डोळे एकाच साच्यातून काढलेले. सिगितचा चेहरा फुलला होता. त्याने बायकोला निरोपही पाठवून टाकला होता. आता पुन्हा डासांच्या उदबत्तीच्या जाहिराती काढायला नकोत, असे तो सारखे म्हणत होता.

छान झाले, असे वेनिंग म्हणाली. मग पोस्टरकडे बघत तिने विचारले, "बोलायचंच नसेल तर पाली कशाला, सिगित?"

"पाली कुठे राहिल्यात? दीड वर्ष झालं डायनासोर होऊन."

"मी त्याला हो म्हटलं नव्हतं."

"छान आहे म्हणालीस."

"छान आहे म्हणजे..."

सिगितने पोस्टरला पाठ टेकली. त्याच्या गळ्यातली दहाही माणसे कुठेतरी निघून गेली होती आणि एकटाच सिगित उरला होता. "म्हणजे काय, म्बाक? सांग की. मीही जोगजाचाच आहे, मला कळतं आपल्याकडे छान म्हणजे काय ते. वाहिनीवाल्यानं म्हटलं असतं तर कळलं असतं. पण तू म्हणालीस. आपण भागीदार आहोत. टोपी घालू का, मी विचारलं. शाळा करू का, विचारलं. शब्द कमी करू का, तेही विचारलं. दर वेळी तू हसलीस आणि मला खायला दिलंस."

वेनिंग पोस्टरवरच्या निळ्या प्राण्याकडे बघू लागली.

"डायनासोर केले त्या दिवशी तर कोळंबी होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला इतकं आवडलं."

कोळंबी होती, हे खरे होते. त्या दिवशी ती पहाटे उठून बाजारात गेली होती. आपण का गेलो, हे तेव्हा तिने स्वतःला विचारले नव्हते. डायनासोरांविषयी बोलताना सिगित फार खूश दिसला होता आणि त्याला नाही म्हणायचे तिच्या जिवावर आले होते. म्हणून आदल्या रात्री तिने ठरवले होते की त्याला निदान चांगले काहीतरी खायला न्यावे. वाहिनीच्या अधिकाऱ्यावर, पाणावलेल्या डोळ्यांच्या मालकावर, कोंबडीची तंगडी देणाऱ्या कंपनीवर ती चार वर्षे मनातल्या मनात थुंकत आली होती. त्यांच्यापेक्षा तिचा स्वयंपाक बरा होता, एवढाच फरक.

"तू एकदा सांगितलं असतंस तर मी पालीच विकत फिरलो असतो," सिगित म्हणाला. "विकल्या नसत्या कदाचित. पण फिरलो असतो."

तिला त्याचा राग येईना. त्याने जे बनवले होते ते हिणकस होते, पण त्याने ते उघड्यावर, तिला विचारून बनवले होते. आणि ढेकर उत्तम होता. दुसऱ्याचे लाजरे उत्तर तर फारच चांगले होते. असे आवाजातले बारकावे तिला कधी सुचले नसते. ते तिने त्याला सांगितले. तो संशयाने तिच्याकडे बघत राहिला.

"हे खरं सांगतेस की छान सांगतेस?"

"खरं."

दार उघडून तास्याने त्यांना आत बोलावले. टेबलावर कराराच्या दोन प्रती होत्या. तास्याने अदबीने पान उलटून दाखवले. 'मूळ कल्पना' या शब्दांपुढे वेनिंगचे नाव होते, त्याच्या शेजारी पाक हांदोकोंच्या पुतण्याचे. पुतण्या अमेरिकेत शिकत होता आणि त्याला डायनासोर लहानपणापासून आवडायचे, असे पाक हांदोकोंनी हसत सांगितले. सिगितचे नाव खाली, 'संहिता साहाय्य' म्हणून. ज्या पटकथेत कुणी बोलणार नव्हते ती तीन माणसांनी मिळून लिहिली होती. पुढे कधी बोलक्या पाली करायच्या म्हटल्या तर त्याही याच करारात येत होत्या. पाल, सरडा, डायनासोर आणि तत्सम सर्व प्राणी, छतावरचे किंवा अन्यत्र.

सिगितने ते कलम वाचले आणि पान तिच्याकडे सरकवले. तो तिला काही सुचवत नव्हता. तो वाट पाहत होता.

पाक हांदोकोंनी पेनाचे टोपण काढून पेन तिच्या हाताजवळ ठेवले. पुढच्या महिन्यात तुर्कस्तानची माणसे येतील, तेव्हा तिनेही यावे, जोगजाहून गुडेग, तिथली फणसाची भाजी, आणावी, बाहेरच्यांना आपल्या गावचे जेवण फार आवडते, असे ते सांगत होते. त्यांच्या आवाजात खरा जिव्हाळा होता.

"मग बू वेनिंग," ते म्हणाले, "ठरलं ना?"

तिची मान सवयीने खाली यायला निघाली होती. तिने ती सरळ केली.  मग ती बोलली ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेले.

"नाही, पाक. डायनासोर सिगितचे आहेत, ते त्याच्याकडून घ्या आणि नाव त्याचं एकट्याचं घाला. पाली माझ्या आहेत. त्या मी विकत नाही."