छातीत राहायला आलेली धमनी

मी धमनी बोलतेय. जांघेच्या घडीखाली मोठ्या धमनीतून मी निघते, कातडीखालून वर चढते आणि ओटीपोटाच्या चरबीत पसरते. काडेपेटीतली काडीही माझ्यापुढे जाड. तुमच्यापैकी काहींच्या अंगात तर मी नसतेच.

मी ज्या बाईच्या पोटात होते, ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर टेबलाची कड माझ्यावर रुतायची. मी दबायचे, ती सरकली की पुन्हा वाहायचे. बावन्न वर्षांत तिने माझी दखल घेतली नाही. घ्यावी असं मी काही केलंही नव्हतं.

मग गाठीमुळे तिचा डावा स्तन काढावा लागला.

"तुमच्याच पोटाची चरबी इथे लावू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला शोधून काढलं. "आहे. नशीब चांगलं."

चिमटा लागला. चरबी-कातडीच्या तुकड्यासकट मला कापून घेतलं. पाऊण तास माझ्यात काहीच नव्हतं. बाई पलीकडे श्वास घेत होती आणि मी तिची नव्हते. त्याला मरण म्हणायचं का, मला अजून ठरवता येत नाही.

केसाहून बारीक दोऱ्याने मला बरगडीमागच्या धमनीला शिवलं. रक्त आलं, पण त्याची चाल ओळखीची नव्हती. काळीज अगदी शेजारी धडधडत होतं.

दर तासाला नर्स रक्ताची चाल ऐकवणारं पेनासारखं यंत्र माझ्यावर टेकवायची. सूं, सूं, सूं.

"हे कोण?" बाईने विचारलं.

"तुमच्या पोटातली धमनी."

"मग पोटात आता कोण आहे?"

नर्स हसली. बाई हसली नाही.

दुसऱ्या दुपारी यंत्र गप्प झालं. नर्सने जागा बदलून पाहिली. बाईची मुलगी खुर्चीतून उठली.

"आवाज का येत नाही?"

शिवणीपाशी रक्त गोठलं होतं. मला पुन्हा उघडून ते काढलं. सगळे वाट पाहत राहिले. मग मी वाहू लागले.

आता वर्ष झालंय. तिथल्या कातडीला स्पर्श कळत नाही. मुलगी मिठी मारते, तेव्हा तिच्या डोक्याचा भार फक्त मला कळतो.

आंघोळीआधी बाई दार लावते आणि माझ्यावर दोन बोटं ठेवते. छातीला बोटं कळत नाहीत. बोटांना मात्र मी कळते.

"आहेस ना गं?" परक्या घरात हाक मारावी तशी ती हळूच विचारते.

मी ठोका देते.

बाई, रोज विचारत जा. फक्त कोण आहेस, असं विचारू नकोस. ते मलाही आता सांगता येणार नाही.