वरचा उजवा कोपरा

मित्रांनो, मला स्वतःचा चेहरा नाही. लोक येतात, माझ्यावर एक मोठं रंगीत कापड ताणून बांधतात आणि मग तोच माझा चेहरा होतो. शाळेचे प्रवेश सुरू झाले की मी दप्तर घेतलेल्या पोरांचा, लग्नसराईत शालू नेसलेल्या नवरीचा. कापड काढलं की मागे उरतो तो खरा मी : कोल्हापूरच्या बाहेर, नदीच्या अलीकडच्या रस्त्याला उभा असलेला एक जुना, लोखंडी जाहिरातफलक. सध्या मी भ्यालेलो आहे. कशाला, ते सांगतो. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुम्हाला ते कळायचं नाही.

माझा जन्म उद्यमनगरातल्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. भरमाप्पा मिस्त्रींनी माझे अँगल कापले, जोडले, घासले. माणूस फार कमी बोलायचा. शेवटचा जोड थंड झाल्यावर त्यांनी मला एक लाथ घालून बघितली आणि हाताखालच्या माणसाला म्हणाले, "यो आपल्या माघारी बी उभा ऱ्हाईल की." तेवढंच कौतुक, पण मला ते वर्षानुवर्षं पुरलं.

मग मला इथे आणून रोवलं. माझ्या मागे बाळासोंचं उसाचं रान होतं. दुपारी ते माझ्या सावलीत भाकरी सोडायचे. लग्नाची वऱ्हाडं माझ्या खुणेवर वळायची. "मोठ्या बोर्डापाशी डावीकडं घ्या" असं लोक फोनवर सांगायचे. मला थोडा गर्व होता, लपवत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मान वर करून माझ्याकडे बघतो म्हटल्यावर कुणाला होणार नाही?

माझ्या आयुष्यातलं खरं काम मात्र जाहिरातीचं नव्हतंच. दोन हजार एकोणीसच्या महापुरात बाळासोंचं रान दिसेनासं झालं, रस्ता दिसेनासा झाला. पलीकडच्या वस्तीतली माणसं काढायला बोट आली तेव्हा बोटवाल्यांनी आपला दोर माझ्या पायाला बांधला. मी हललो नाही. पाणी उतरलं तेव्हा माझ्या दोन्ही पायांवर गाळाची एक रेघ राहिली, उंच माणसाच्या छातीइतकी. दोन वर्षांनी पाणी पुन्हा आलं आणि जवळजवळ त्याच रेघेपर्यंत चढून गेलं. गाळ पुढे वाळून गळला, पण त्याच्याखाली गंज धरला होता आणि गंज काही जात नाही.

त्यानंतर बाळासोंनी रान विकलं. ऊस गेला, मुरूम आला, चुन्याच्या फक्कीने पांढऱ्या रेघा मारून जमिनीचे चौकोन पाडले गेले. ते चौकोन विकायला धैर्यशील नावाचा एक गृहस्थ येऊ लागला. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल? माझे पाय रंगवून घेतले. चंदेरी ऑइलपेंट, रेघेच्या वरपर्यंत. इतक्या वर्षांत मला कुणी रंग लावला नव्हता, त्यामुळे मी खूशही झालो. तो रंग रेघेच्या थोडा वर येऊनच का थांबला, हे मात्र मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

मग माझ्यावर नवा चेहरा चढला. निळं आभाळ, टुमदार घर, आणि वीतभर अक्षरांत लिहिलेलं : "पुराची चिंता सोडा, स्वतःच्या घरात या."

इथे तुम्हाला एक नियम सांगायला हवा. अशी जागा विकायची जाहिरात करायची तर आधी त्या योजनेची सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा क्रमांक आणि मोबाईलने टिपायचा तो चौकोनी कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या बाजूला, सहज वाचता येईल असा छापावा लागतो. तो टिपला की जमीन कुणाची, परवानग्या कुठल्या, हे घरबसल्या बघता येतं. माझं कापड बांधणारा माणूस शिडीवरून म्हणालाच, "सायेब, नंबर छापायचा ऱ्हायलाय. कोपरा पांढराच हाय."

"असू दे," धैर्यशील खालून म्हणाला. "त्याच्यावर दादांचं डिजिटल येतंय."

आमच्याकडे छापील कापडाला डिजिटलच म्हणतात, आणि वाढदिवसाचं डिजिटल लावणं ही मोठी हौस. गॉगल घातलेले दादा, म्हणजे आमच्या गावचे पुढारी, मध्ये, खाली शुभेच्छुकांचे लहान लहान चेहरे. एकदा बांधलं की ते उतरवायची कुणाची छाती होत नाही. फोटोचा कोपरा दुमडला म्हणून माझ्या पायाशी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. दादांचं डिजिटल लावलं त्या कोपऱ्याकडे गावातलं कुणी बोट करत नाही, आणि धैर्यशीलला ते चांगलं ठाऊक होतं. कापड त्यानेच छापून आणलं होतं, तारही त्यानेच दिली होती. दादांचा वाढदिवस झाला की दिवाळीच्या शुभेच्छा, दिवाळी झाली की निवडीबद्दल अभिनंदन. चेहरा तोच, कोपरा तोच.

हिवाळ्यात एके दिवशी भाऊसो, त्यांची बायको तानूबाई आणि मुलगी निशा जागा बघायला आले. भाऊसो कुरुंदवाडचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या गावच्या घरात दोनदा पाणी शिरलं होतं. दुसऱ्या वेळी बाबासाहेबांची तसबीर तेवढी उराशी धरून ती दोघं बोटीत बसली होती. आता त्यांना दुसरं काही नको होतं, फक्त पाणी न येणारी जागा हवी होती. निशा शहरातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती. तिने वर बघितलं आणि नेमकं विचारलं, "नोंदणीचा नंबर कुठाय?"

"हाय की. दादांच्या मागं झाकलाय," धैर्यशील म्हणाला.

"मी योजनेचं नाव टाकून बघितलं. सापडली न्हाई."

"नावावर कशी सापडंल? नंबरावरच सापडती ती. वाढदिवसाचं उतरलं की बघा, मी कुठं पळून जातोय?"

निशा पुढे आली. "मग शिडी आणा. एक कोपरा वर करून फोटो काढते आणि परत बांधते."

धैर्यशील हसला. "ताई, आमची ना न्हाई. पर दादांची पोरं आत्ता चौकात बसल्यात. दादांच्या तोंडाला बाहेरच्या माणसानं हात लावला म्हणून उद्या काय झालं, तर मला सांगू नका. काय ओ पावणं?"

भाऊसो माझ्याकडे बघत राहिले. त्यांना नियम कळत नव्हता असं नाही; जन्मभर एसटी नियमात चालवलेला माणूस तो. पण कुणाच्या फोटोला कुणाचा हात लागल्यावर काय होतं, हेही त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे निशा. नव्या गावात पयल्याच दिवशी वाकडं नगं."

"आप्पा, नंबर असला तर दाखवायला काय जातंय ह्यांचं?"

"खाली असंल की गं. एवढा मोठा बोर्ड, भर रस्त्यावर. खोटं असतं तर लावू दिलं असतं व्हय?"

मित्रांनो, त्या घडीला माझं काय झालं असेल, विचारू नका. दादांच्या मागे काय आहे ते मला ठाऊक होतं. कोरं कापड. मी नुसता कुरकुरलो. तानूबाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "वारं सुटलंय, चला."

कुरुंदवाडचं घर विकलं गेलं. इथे पाया खणला, भिंती चढल्या, वर पत्रे बसले. जमीन रस्त्यापेक्षा खाली होती, पण भाऊसो म्हणायचे, पुढच्या वर्षी भर घालू. बुद्धवंदना होऊन ती माणसं राहायला आली. खिडकीत जास्वंदाचा डबा आला. दादा वरून हसत होते. मला त्या घराकडे बघवेना आणि मान वळवायची तर मला सोय नाही.

मे महिन्यात एका दुपारी वळीव आला. वाऱ्याने दादांना एका बाजूने सोडवलं, चार-दोनदा आपटलं आणि बाळासोंच्या जुन्या विहिरीकडे नेऊन टाकलं. निशा दारात उभी होती. पाऊस थांबल्यावर ती चालत माझ्यासमोर आली आणि कोपऱ्याकडे बघत राहिली. पांढरा, कोरा कोपरा. तिने फोटो काढला. धैर्यशीलचा फोन लागला नाही. त्याच्या ऑफिसच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आहे. निशाने तक्रार केली; तिची चौकशी चालू आहे असं ती भाऊसोंना सांगते. चौकशी चालते तशी चालेल. नदी तिच्यासाठी थांबेल, असं मला वाटत नाही.

त्याच वळिवात माझ्या पायांवरचा रंग पापुद्रे धरून सुटला. गंजावर मारलेला रंग किती दिवस टिकणार? तानूबाई सरपणाला काटक्या गोळा करत माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनी नखाने एक पापुद्रा काढला, मग दुसरा. खालची तांबडी रेघ उघडी पडली. कुरुंदवाडात अशी रेघ घराघरावर आहे. ती कशाची, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्या माझ्या पायाशी पाठ टेकून उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या कपाळाशी आली. मग त्यांनी मागे वळून आपल्या घराकडे बघितलं.

"निशा," त्या म्हणाल्या, "पाणी खिडकीच्या वर जातंय गं."

भाऊसो दारातच होते. जास्वंदाचा डबा खिडकीतून उचलून त्यांनी पत्र्यावर ठेवला, जणू तेवढंच वाचवायचं होतं. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. लोखंडाला वाईट वाटत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता ऑगस्ट आहे. दिवस-दिवस पाऊस उघडत नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचं सकाळी रस्त्यावरून जाणारी माणसं बोलत होती. समोरच्या ओढ्याचं पाणी उलटं फिरलंय, भरलेली नदी ते आत घेईनाशी झाली की ते तसं फिरतं. ह्या माणसांना जायला दुसरं घर उरलेलं नाही. आणि परवाच दोन जण मोजपट्टी घेऊन आले होते. पुढच्या रानासाठी माझ्यावर नवं कापड चढणार आहे, वरच्या उजव्या कोपऱ्यात कुणाचा तरी वाढदिवस असणार आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. माझ्यासारख्या फलकावरची मोठी अक्षरं खुशाल वाचा, ती त्यासाठीच असतात. पण तुमचे आईवडील अशी जागा बघायला निघाले की त्यांचं बोट धरून त्यांना वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघायला लावा. तिथे क्रमांक नसेल तर परत फिरा. तिथे कुणी हसत असेल तर आणखी लवकर परत फिरा. आणि फलकाचे पाय बघायला विसरू नका. आमचं तोंड दुसऱ्याचं असतं. पाय आमचे असतात.

आज सकाळी भाऊसो घोट्याएवढ्या पाण्यातून माझ्याकडे आले. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. एक टोक त्यांनी घराच्या खिडकीच्या गजाला आधीच बांधलं होतं. दुसरं टोक ते माझ्या पायाला बांधू लागले, पाणी चढलं तर दोराला धरून रस्त्यावर यायला. आधी कमरेच्या उंचीवर गाठ मारली, रेघेकडे बघितलं, गाठ सोडली. मग एका दगडावर चढून त्यांनी ती रेघेच्या हातभर वर बांधली.