खुनी माहीत नसलेला लेखक

दिनकरने चार वर्षं एक गुपित सांभाळलं होतं, आणि तेही लग्न झालेल्या माणसाने, म्हणजे बघा. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात जाता-येता, कंपनीच्या बसमध्ये मांडीवर पॅड ठेवून त्याने ‘तिसऱ्या पाळीतला खून’ ही रहस्यकादंबरी लिहिली. खुनी कोण ते अगदी शेवटच्या पानावर कळतं. ते नाव त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. कमलिनीने गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं. “छापून आली की वाच,” एवढंच तो म्हणायचा.

आणि आता ती छापून आली होती. दिनकरने चेन्नईतल्या समस्त मराठी मंडळींना एसएमएस केले, ऑर्कुटवर मुखपृष्ठ टाकलं आणि रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन ठरवलं. प्रमुख पाहुणे राघोत्तमराव. तंजावरकडचे जुने मराठी, निवृत्त शिक्षक, आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन. आता प्रकाशनाच्या पाहुण्याने पुस्तक वाचायचं नसतं, हा आपल्याकडचा साधा शिष्टाचार. मुखपृष्ठाला छान म्हणावं, शुभेच्छा द्याव्यात, कॉफी घ्यावी नि घरी जावं. हे राघोत्तमरावांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कादंबरी दोनदा वाचली होती.

अंगवस्त्र सारखं करून ते उभे राहिले.

“दिनकररावांनी बरवी कथा लिहिली आहे. ती तुम्हांस सांगतो, ऐका.”

दिनकरला वाटलं, थोडक्यात सांगतील. कसलं थोडक्यात! कारखान्याच्या भोंग्यापासून सुरुवात. मॅनेजरचं प्रेत सापडलं तिथे थांबून त्यांनी मॅनेजरच्या आईचा विलाप गाऊन दाखवला, स्वतः रचलेला. पहिल्या रांगेत चंद्रिकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मॅनेजरची आई कादंबरीत कुठेच नव्हती.

हॉल रंगला आणि दिनकर खुर्चीच्या कडेवर सरकला. हा माणूस असाच चालला तर शेवटच्या पानापर्यंत पोचणार, आणि मग ते पुस्तक कोण कशाला वाचेल? त्याने घाईघाईने चिठ्ठी पाठवली, ‘कृपया शेवट सांगू नये.’ राघोत्तमरावांनी ती चष्मा लावून मोठ्याने वाचली.

“लेखकांची विनंती आहे. पण अर्धी गोष्ट ऐकवून लोकांस घरी धाडणें आमच्यांत पाप. रावणास कोणी मारिलें हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून रामकथेंतून कोणी उठून जातो कां?”

हॉलने माना डोलावल्या. दिनकरने कमलिनीला खुणावलं. ती कॉफी घेऊन मंचावर गेली, म्हणजे तेवढा तरी खंड पडेल. त्यांनी तमिळ थाटात “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत ती गटकन पिऊन टाकली आणि नव्या दमाने पुढे निघाले. शेवटी दिनकरने गुपचूप माईकच बंद केला. माईकवाचून त्यांचा आवाज उलट जास्त खुलला.

“आतां, खुनी कोण,” राघोत्तमराव म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले.

दिनकर ताडकन उठला. “ड्रायव्हर! बसच्या ड्रायव्हरने केला खून. संपली गोष्ट. सर्वांचे आभार.”

राघोत्तमरावांनी त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं.

“ड्रायव्हर नव्हे हो, दिनकरराव. तो बापडा त्या वेळीं टायर बदलत होता.”

“मी लिहिलंय ना? मग मला माहीत नसेल?”

“लिहिलें असेल. मी वाचलें आहे.”

“मग खुनी आहे तरी कोण?” आयटी कंपनीतला कृष्णकांत मागून म्हणाला. राघोत्तमरावांनी तोंड उघडलं, दिनकरने डोळे मिटून घेतले.

“लेखक म्हणतात ड्रायव्हर,” राघोत्तमराव म्हणाले. “चारचौघांत यजमानास खोटें पाडणें पाहुण्यास शोभत नाही. ज्यास पाहिजे त्याने वाचून पाहावें.” आणि ते बसले.

मग काय विचारता! पुस्तकांच्या खोक्यावर झुंबड उडाली. चंद्रिकाबाईंना मराठी वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी एक प्रत पिशवीत टाकली. खोकं रिकामं झालं, गुपित शाबूत राहिलं. दिनकर संध्याकाळभर गुणगुणत होता.

दुसऱ्याच दिवशी कृष्णकांतचा फोन आला. “दिनकर, ड्रायव्हर नाहीये रे. तू एकदा शेवट बघून घे.” मग फोनांची रीघच लागली. आपण मुद्दाम खोटं बोललो, असं दिनकर प्रत्येकाला जीव तोडून सांगायचा, आणि प्रत्येक जण “हो हो, होतं असं” म्हणून समजूत काढायचा. आठवड्याभरात तो स्वतःची कादंबरी न वाचलेला लेखक म्हणून प्रसिद्ध झाला. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या मराठी मंडळींनी कादंबरीवर कार्यक्रम ठेवला. वक्ते राघोत्तमराव. दिनकरलाही बोलावणं होतं, ऐकायला. बिचाऱ्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

शनिवारी रात्रीची जेवणं झाल्यावर कमलिनी पुस्तक घेऊन बसली. उघडलं मात्र नव्हतं.

“तू तरी वाच गं,” तो म्हणाला.

“वाचणार आहे. पण आधी खुनी कोण ते कळू दे, म्हणजे जिवाला घोर नको.”

दिनकर हरला. चार वर्षांचा हट्ट त्याने सोडून दिला.

“बरं, ऐक. सांगतो.”

“तुम्ही राहू द्या,” कमलिनी फोन उचलत म्हणाली. “राघोत्तमरावांना विचारते. त्यांना नक्की माहीत असेल.”