कोंबड्या कोण खातं?

राजनंदिनी यंदा उसाच्या फडावर गेली नाही, शाळेतच राहिली. वाचकहो, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही असं समजा.

राजूरच्या वरच्या वाडीत छगन आणि बनुबाईला एका संस्थेनं गावरान कोंबड्या दिल्या होत्या. अंडी बाजारात विकायची, घर चालवायचं, म्हणजे धाकट्याला सांभाळायला लेकीला, राजनंदिनीला, शाळेतून काढून राहात्याकडं ऊसतोडीला न्यायला नको. बेत चोख होता. फक्त कोंबड्या कमी होत होत्या.

संस्थेची आराधनाताई शोध घ्यायला आली. मुंगूस? रानमांजर? तिनं खुराड्याभोवती ठसे पाहिले, जाळी ओढून पाहिली, रोगाची चौकशी केली. कशाचाच माग लागेना.

"कोंबड्या जातात कुठं, छगनदादा?"

"आता काय सांगावं, ताई," छगन जमिनीकडं बघत म्हणाला. "आधी जेवून घ्या."

बनुबाईनं रस्सा वाढला. तपास अवघड असल्यानं आराधनानं आणखी एक वाटी घेतली.

शेजारच्या लंकाबाई उंबऱ्यात टेकल्या. "सापडलं का मुंगूस?"

"नाही ना!"

"आरशात बघा की. पयले तुमी आलात, एक गेली. तुमचे सायेब आले, दोन गेल्या. फोटो काढनाऱ्यानं तर तंगडी मागून घेतली."

आराधनाचा घास हातातच राहिला. अरेरे! ती पुरावाच ओरपत होती!

"पाहुन्याला कोरडं धाडू व्हय?" छगन कळवळला. "आमाला काय इज्जत हाय का न्हाई?"

"इज्जत पाहुन्याच्या पोटात, अन् पोरगी फडावर! छगन्या, तू कोंबडी न्हाई कापली, पोरीचं दप्तर कापलंस."

तेवढ्यात आतून राजनंदिनी आली, दप्तर पोटाशी धरून. दप्तर कुरकुरलं. शेवटची खुडूक कोंबडी तिनं त्यात लपवली होती.

"हिला अंड्यांवर बसवायचीय, आप्पा. उद्याच्या पाहुन्याला डाळ वाढा."

छगननं दप्तरात डोकावून पाहिलं. मग त्यानं सुरी उचलून वर कौलात खोचली. "डाळ तर डाळ!"

खाल्लेल्या कोंबड्या आराधनानं पगारातून भरून दिल्या. अंडी राजूरच्या बाजारात जाऊ लागली, छगन-बनुबाई ऊसतोडीला न जाता घरीच राहिले. राजनंदिनीचं पुढं काय झालं, ते तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुलं वाचवायची तर आधी घराची कमाई वाचवावी लागते. आणि कधीकधी ती मदत करणाऱ्यांपासूनच वाचवावी लागते!

सबब संस्थेस नम्र विनंती, की पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याने कोंबडी खाल्ल्यास त्याची तात्काळ त्याच खुराड्यात, त्याच रिक्त जागेवर बदली करावी, व त्याने रोज एक अंडे द्यावे.